पुढं जागा आहे

२ फेब्रुवारी, रविवार
विचारलंच शेवटी तिनं! उपासना संपली, सगळे घरी गेले, आमची बस-कंडक्टर मात्र गीतांची पुस्तकं रचत रेंगाळली. मग एका दमात — "बाई, मला पाळक व्हायचंय. सेमिनरीत, पाळकांच्या शाळेत, जाईन म्हणते. तुमचं शिफारसपत्र लागेल. पंधरा मार्चच्या आत पोचायला हवं."

"अगं, वा!" म्हणाले. मिठीसुद्धा मारली. आणि लगेच मनात आलं — हीही जाणार.

सहा जणांना पाळक व्हायला पाठवलं मी आजवर, या एवढ्याशा लुथरन मंडळीतून. एक बंदरावर खलाशांमध्ये काम करतो, एक इस्पितळात मरणाऱ्यांच्या उशाशी बसते, बाकीचे कुठं कुठं. सगळे छान आहेत. सगळे लांब आहेत. जिथं गरज तिथं चर्च पाठवतं — इथं परत कुणी आलं नाही. माझ्या निवृत्तीला चार वर्षं उरलीत. ही पोरगी दिवसभर बसमध्ये उभी असते, तरी रविवारी मुलांचा वर्ग घेते, सुट्टीच्या दिवशी आजाऱ्यांकडे जाते. मी मनात कधीच ठरवून टाकलं होतं — ही माझी. ही इथंच राहणार.

कुणाला विचारून ठरवलं? कुणालाच नाही.

५ फेब्रुवारी
पत्र लिहिलं. दोन पानं. एक शब्दही शोधावा लागला नाही. पाकीट बंद केलं. उद्या टाकते.

६ फेब्रुवारी
राहिलं.

१६ फेब्रुवारी, रविवार
तिचा पहिला उपदेश. व्यासपीठावर पाय फाकवून उभी, एका हातानं कठडा घट्ट धरलेला — जणू आता वळण येणार! आपले लोक नेहमीसारखे मागच्या बाकांवर कोंबलेले, पुढची चार बाकं ओस. हिनं वही उघडली, वर बघितलं, आणि तोंडातून निघूनच गेलं — "पुढं सरका, पुढं जागा आहे!"

हशा पिकला. आणि सरकले की लोक! नंतर घंटावाले काका म्हणतात, "बाई, तुम्ही वीस वर्षं घसा कोरडा करताय. तिनं एकदाच सांगितलं."

दहा मिनिटं बोलली. शेवटच्या थांब्यापर्यंत झोपून राहिलेल्या एका दमलेल्या प्रवाशाची गोष्ट — त्याला उठवायचं की झोपू द्यायचं? 

मी बाकावर बसून ऐकत होते. म्हातारपणी मला हाच आवाज ऐकायचाय. दर रविवारी, इथंच. हे मागणं फार आहे का?

पाकीट खणात आहे.

२० फेब्रुवारी
रस्त्यात भेटली. "बाई, पत्र गेलं ना?"
"गेलं गं."
किती सहज! जीभ अडखळलीसुद्धा नाही.

२७ फेब्रुवारी
तिच्या आईकडे गेले. कपडे दुरुस्त करून देते ती. मशीन चालू, तोंडात टाचण्या. एकेक टाचणी काढून ठेवली, मग म्हणाली, "खरं सांगू? तुम्हीच नको म्हणावं असं वाटत होतं मला. पोरगी गेली की या खोलीत मी आणि हे मशीन. दोन दिवस रडून घेतलं. मग म्हटलं, जन्म दिलाय हिला, विकत नाही घेतली."

मी चहा पीत बसले. सांगायला गेले होते. सांगितलं नाही.

ती पोटच्या पोरीला सोडते. आणि मी — मी कोण?

१५ मार्च
तारीख गेली. पत्र इथंच.

१८ मार्च, मंगळवार
डेपोत गेले. दोन फेऱ्यांच्या मध्ये ती बाकावर डबा खात होती. सांगून टाकलं. सगळं.

"विसरलात?"
"नाही. ठेवून घेतलं."
"सहा जणांना सोडलंत. माझ्याच वेळी का?"
"तू जाऊ नयेस म्हणून."
"मग तसं म्हणायचं होतं, बाई! मी भांडले असते, रडले असते. पण खोटं?"

गाडीची वेळ झाली. अर्धा डबा तसाच बंद केला, बॅग खांद्याला लावून चढली. वळून बघितलं नाही. दोनदा घंटी वाजली, गाडी सुटली. मी उभीच.

१९ मार्च
सकाळी चर्चच्या मागची खोली झाडत होते. दारात ती. गणवेशात.

"राग गेलेला नाही," म्हणाली. "पण राग जाईपर्यंत थांबायचं नसतं, हे तुम्हीच शिकवलंत. बसा."

बसले. झाडू हातातच. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि क्षमेचे शब्द म्हटले. माझं नाव घेऊन, एकही शब्द न गाळता. हजारदा दिलेत मी ते शब्द. असे घेतले नव्हते कधी. हमसून रडले, या वयात!

अजून सेमिनरीची पायरी चढलेली नाही, दीक्षा नाही — आणि पाळक माझ्यासमोर उभी.

मग स्वतःचे डोळे पुसून म्हणते, "आता त्यांना फोन लावा. माझ्यादेखत."

लावला. प्राचार्यांना सांगितलं, "उशीर तिचा नाही. मी पत्र दडवलं."  ते म्हणाले — "तिला घेऊन या. ते पत्र आणा. आणि हे आत्ता बोललात ना, तेही लिहून आणा."

लिहिलं. चार ओळींना दुपार झाली.

२६ मार्च
घेतलं तिला! मुलाखतीत म्हणे विचारलं, "तुमच्या पाळकबाईंविषयी काय म्हणाल?" काय म्हणाली ते मला सांगत नाही. हसते नुसती.

२ जून, सोमवार
गेली. सातवी. गाडी दिसेनाशी झाली तरी मी आणि तिची आई हात धरून उभ्या. कोण कुणाला आधार देत होतं, देव जाणे.

८ जून, रविवार
मुलांच्या वर्गात मीच. एकीनं विचारलं, "ताई कधी येणार?" म्हटलं, "चला, गाणं म्हणू या."

२० मे. चार वर्षांनी.
वही कोरीच राहिली होती. कपाट आवरताना हाती लागली. निवृत्तीला दहा दिवस.

गेल्या वर्षी तिला दीक्षा मिळाली, मी पहिल्या रांगेत होते. तोवर मनात एक वेडी आशा होती — इथं पाठवतील, निदान हिला तरी. पाठवलं मिठागरांच्या पलीकडे. तिथं नऊ वर्षं पाळक नव्हता! बोलणार काय?

माझ्या जागी एक तरुण येतोय. ना ओळखीचा ना पाळखीचा. भला वाटतो. त्यालाही कुणीतरी कुठूनतरी सोडलंच असेल, मनावर दगड ठेवून. त्या सोडणाऱ्या माणसाला चार ओळी लिहाव्याशा वाटल्या. कुणाला लिहू?

मी आता बहिणीकडे राहायला जाणार, वरच्या खोलीत. खिडकीतून समोरची भिंत दिसते. बहिणीला अजून वाटतं मी यायला खूश आहे.

२६ मे
मिठागरांपलीकडून तिचा फोन. "बाई, इथं पाच जणी तयार झाल्यात. एक मीठ वाहते, एक दाई आहे, एक तर माझ्याहून मोठी. उपदेश करायला शिकायचंय म्हणतात. मी एकटी पुरी पडत नाही. माझ्या हाताखाली काम कराल?"

"हो" म्हणाले. खोली केवढी, दवाखाना किती लांब — काही विचारलं नाही.