पासवर्डातली चांदणी

मोठ्या मावशीस,

वाकून नमस्कार. (खरोखर वाकून. पेनाचं टोपण टेबलाखाली गेलं होतं, ते उचलता उचलता केला.) तुझे कान आता कसे आहेत? फोनवर तू माझ्या प्रत्येक वाक्याला "बरं झालं" म्हणतेस. गेल्या वेळी मी जिन्यात पडले असं सांगितलं, तेव्हाही म्हणालीस. म्हणून पत्रच लिहिते. दवाखान्याच्या बाकावर बसवून तुला हे वाचून दाखवणाऱ्या कंपाउंडरकाकांनाही नमस्कार. (काका, कंसातला मजकूर मोठ्याने वाचायचा नसतो. मागच्या वेळी तुम्ही तोही वाचलात आणि वर हावभावही केलेत, असं कळलं.)

मागच्या पत्रात माझ्या हातून दोन चुका झाल्या, त्या आधी दुरुस्त करते. पहिली : आमच्या जिन्याला चौदा पायऱ्या आहेत असं मी लिहिलं होतं. त्या पंधरा आहेत, परवा मोजल्या. दुसरी : आमच्या खालचे सलूनवाले दादा इंटरनेटचोर आहेत असं लिहिलं होतं. ते चोर नाहीत. हे वाक्य काकांनी दोनदा वाचावं. ते कंसात नाही.

छोटी चूक आधी आणि मोठी नंतर का, असं तू विचारशील. मोठीला हात घालायचं धैर्य होईना, म्हणून आधी पायऱ्यांवरून वर आले. शिवाय त्या पायऱ्यांचा या गोष्टीशी संबंध आहे, तो पुढे येईलच.

तुला आठवत असेल, ग्रंथालयातल्या जागेसाठी माझी मुलाखत संगणकावरून होती. समोर पडद्यावर तीन परीक्षक. मी नीट केस विंचरून, पाठ ताठ ठेवून "माझा सर्वांत मोठा गुण म्हणजे" एवढं म्हणाले आणि चित्र थिजलं. थिजलं ते माझं तोंड उघडं असताना. चार मिनिटं त्या तीन सुशिक्षित माणसांनी माझी पडजीभ पाहिली, आणि माझा सर्वांत मोठा गुण तोच असं त्यांना वाटलं असल्यास मी त्यांना दोष देत नाही. (त्यांनी दुसरी तारीख दिली. भली माणसं.) तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत होता : घरात तीन फोन आणि एक संगणक, मग इंटरनेट जातं कुठे?

आणि दोनच दिवसांनी सलूनवाल्या दादांनी मला जिन्याखाली गाठून विचारलं, "ताई, तुमचं इंटरनेट आज जरा मंद आहे का हो?" इतक्या सहज, जणू पाऊस पडेल का असं विचारावं! मावशी, मी जागच्या जागी हबकले. चोराने चोरी करावी आणि वर माल हलका निघाला म्हणून तक्रारही करावी? पुढचं तू ऐकलंच आहेस. मी सलूनमध्ये शिरले. बाकावर तिघे जण फोनमध्ये माना घालून बसले होते, खुर्चीत अर्ध्या गालाला फेस लावलेलं एक गिऱ्हाईक होतं. त्या सगळ्यांदेखत मी "चोर" हा शब्द वापरला. खरं सांगायचं तर दोनदा वापरला, दुसऱ्यांदा "दिवसाढवळ्या" जोडून. मी लिहिलं होतं की दादांची वाचा बसली, त्यांनी साक्षीसाठी गिऱ्हाइकाकडे बोट केलं आणि गिऱ्हाइकाने शरमेने मान खाली घातली. मान खाली गेली हे खरं. शरमेने मात्र नव्हे. दादा आपल्या छातीकडे का बोट दाखवतायत, हे तो बिचारा बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात एक गठ्ठा होता. आईने दादांना शिवून दिलेली, गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती बांधायची सात कापडं. धुतलेली, इस्त्री केलेली, कडेला कड लावून घडी घातलेली. सोबत चिठ्ठी नाही, निरोप नाही. आईला वाटलं, तिच्याच शिवणीत काही खोट निघाली. तिने एका कापडाची कड उसवून, उजेडात धरून, दोष शोधला. मी शेजारीच चहा पीत होते. मी काही बोलले नाही. हे मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं, कारण तेव्हा ते मला स्वतःलाही वाचायचं नव्हतं.

मग इंटरनेटच्या कंपनीचा माणूस आला. (इथे तिसरी चूक निघते. इंटरनेट आमच्या राउटर नावाच्या डब्यात असतं असं मी तुला लिहिलं होतं. डब्यात काही नसतं. ते बाहेरून तारेने येतं, डबा फक्त घरभर वाटून देतो. रीळ एक आणि सुया अनेक, असं समज. सुया वाढल्या की प्रत्येकीच्या वाट्याला दोरा कमी. आईला हे लगेच कळलं, मला कळायला डब्यासोबत आलेल्या पुस्तिकेची सोळा पानं लागली.) त्याने माझ्या संगणकावर एक यादी उघडली. डब्याला या क्षणी कोण कोण जोडलेलं आहे, ते त्यात दिसतं. अठरा! आमचे चार वजा करून चौदा. आमच्या दीड खोलीत चौदा अनोळखी जीव बसलेले, आणि आम्ही त्यांच्यासमोर जेवतो, भांडतो, केस विंचरतो!

"पासवर्ड कुणाकुणाला दिलाय?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "जिवंतपणी कुणालाही नाही. माझ्या डोक्यात आहे आणि विसरले तर असावा म्हणून त्या डब्याखाली भिंतीवर चिकटवलेल्या चिठ्ठीत आहे. आमच्या घरात मी सोडून कुणाला वाचता येत नाही." (शेवटचं वाक्य मी जरा तोऱ्यात म्हटलं. त्याची शिक्षा लगेच मिळाली.)

आईने त्याला पाणी दिलं, हात पुसायला नॅपकिन दिला. त्याने हात पुसले, नॅपकिन उलटा केला, सुलटा केला, खिशातून स्वतःचा फोन काढला, नॅपकिनकडे बघत काहीतरी टिपलं आणि म्हणाला, "झालं. जोडला."

"काय जोडला?"

"माझा फोन. पासवर्ड हाच ना तुमचा?"

मावशी, नॅपकिनच्या कोपऱ्यात निळ्या दोऱ्याने माझा पासवर्ड भरलेला होता. दहाच्या दहा अक्षरं आणि आकडे. माझ्याच हस्ताक्षरात! माझा सात जरा मागे रेलतो, तसाच रेललेला. माझ्या चांदणीच्या, म्हणजे * या खुणेच्या जागी पाच पाकळ्यांचं पिवळं फूल. आणि शेवटी, चिठ्ठी लिहिताना दारावरची घंटा वाजली म्हणून पेन टेकून पडलेला शाईचा ठिपका, तोही गाठ मारून इमानदारीने भरलेला. मी उशीचा अभ्रा ओढला. त्यावरही तेच. दाराचा पडदा, तेच. शिवणयंत्रावरचं झाकण, तेच. मग मला सलूनमधलं, गिऱ्हाइकाच्या गळ्यातल्या कापडाकडे रोखलेलं ते बोट आठवलं आणि मी तशीच खाली बसले. खाली खुर्ची नव्हती.

आई म्हणाली, "एवढं काय झालं? नक्षी चांगली आहे. सगळे तीच मागतात."

सगळे म्हणजे कोण, याची मी यादी केली : दंतवैद्यांकडचे रुमाल, इस्त्रीवाल्याच्या टेबलावरची चादर, प्रसूतिगृहातल्या उशा. लोकांना ते पासवर्ड आहे हे कळलं कसं, असंही मी त्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, आकडे, अक्षरं आणि मधेच फूल, असलं अगम्य दुसरं काय असणार? आणि डब्याला नाव तर मीच "शिलाईचं घर" असं दिलं होतं, ते आसपासच्या प्रत्येक फोनवर दिसतं. म्हणजे कुलपावर पत्ता मी लिहिला आणि किल्ली आईने भरतकाम करून गावभर वाटली. फूल म्हणजे चांदणी, हे सगळ्यांनी ओळखलं होतं. ठिपक्यापायी मात्र सगळे अडत होते. तो गाळायचा, हे म्हणे सलूनवाल्या दादांनीच शोधून काढलं आणि इतरांना सांगितलं.

मी आईवर ओरडणार होते. ती म्हणाली, "घरात पहिल्यांदाच कुणी काही लिहून भिंतीला लावलं. म्हटलं, एवढं महत्त्वाचं आहे तर चांगल्या कापडावर नको का?" मावशी, आपल्या घरच्या भिंतींवर आजवर नुसते खिळे होते, हे तुला मी सांगायला नको.

मी एवढंच विचारलं, "सलूनवाल्या दादांनी तुला कधी काही विचारलं होतं?"

"विचारलं की! वर आले होते. म्हणाले, काकू, कापडावरचं हे आम्ही वापरलं तर चालेल ना? मी म्हटलं, अहो, त्यासाठीच तर भरलंय."

म्हणून मी परवा पायऱ्या मोजल्या. पंधरा. जो माणूस पंधरा पायऱ्या चढून परवानगी मागायला येतो, त्याला मी चोर म्हटलं.

मग आईला सगळं सांगितलं. तिने यंत्र थांबवलं. एवढंच म्हणाली, "कापडात खोट नव्हती तर." मग मी तिला समजावलं की पासवर्ड बदलावा लागेल, तर तिचा चेहराच उतरला. "म्हणजे मी लिहिलं ते आता खोटं होणार?" भरलं नाही म्हणाली, लिहिलं म्हणाली.

कंपनीचा माणूस तोवर पायात बूट घालत होता. तो म्हणाला, कशाला खोटं व्हायला हवं? एकाच डब्यातून दोन नावं सोडता येतात. एक घरच्यांचं, एक पाहुण्यांचं. पाहुणे बैठकीत बसतात, आतल्या कपाटापर्यंत जात नाहीत, तसंच हे. पाहुण्यांना दोरा किती द्यायचा तेही आपणच ठरवायचं. तेव्हा जुना पासवर्ड आता पाहुण्यांचा झाला आहे, फुलासकट. घरच्यांसाठी नवा केला, पंधरा अक्षरांचा, कुठेही न लिहिलेला. आईने भरलेलं सगळं खरं राहिलं.

बाबांना वाकून नमस्कार सांग म्हणणार होते, पण ते इथेच आहेत आणि त्यांना यातलं काही माहीत नाही. (काका, त्यांना फोन करू नका.)

तुझी,
धाकटीची थोरली

ता. क. १ : हे पत्र कुठल्याही दिवशी वाचू नये. सोमवारीच वाचावं. सलूनवाल्या दादांच्या सासूबाई तुमच्याच गावच्या आहेत आणि गुडघ्याला मलम लावून घ्यायला दर सोमवारी त्याच बाकावर बसतात, हे मला माहीत नव्हतं. मागचं पत्र त्यांनी पूर्ण ऐकलं. तूच मला फोनवर म्हणालीस, "त्यांनी लगेच लेकीला फोन केला, बरं झालं." मावशी, बरं नाही झालं. जावई चोर निघाला म्हणून त्या माउलीने लेकीशी बोलणं टाकलंय. तेव्हा काकांनी "ते चोर नाहीत" हे वाक्य दोनदा नव्हे, तीनदा वाचावं, तिसऱ्यांदा सासूबाईंच्या तोंडासमोर. हावभाव केले तरी चालतील. खरं म्हणजे हे सगळं पत्र मी एवढ्यासाठीच लिहिलं.

ता. क. २ : तुला पाठवलेल्या अभ्र्यावरही तेच भरलेलं आहे. घाबरू नकोस, तू आमची अधिकृत पाहुणी आहेस.

ता. क. ३ : नवा पासवर्ड मी एका दिवसात विसरले. कागदावर एकदाच लिहिला होता, तोही कागद पासवर्ड डब्यात भरून झाल्यावर संध्याकाळी फाडला होता. दुसऱ्या मुलाखतीला अर्धा तास उरलेला, आणि माझ्याच घरात मी बाहेर! (पाहुण्यांच्या बारीक दोऱ्यावर परीक्षकांना पुन्हा पडजीभच दिसली असती.) मी रडायच्या बेताला आले तेव्हा आईने यंत्राच्या खणातून एक चौकोनी कापड काढलं. "म्हटलं, फाडण्याआधी नमुना घेऊन ठेवावा." पंधराच्या पंधरा अक्षरं, बरोबर. मुलाखत झाली, तोंड मिटूनही झालं. निकाल यायचा आहे.

ता. क. ४ : माफी कधी मागायची, हे मी तीन आठवडे ठरवत होते. दुकान रिकामं असताना मागावी असा मोह होता. पण शब्द भरल्या दुकानात वापरला होता. आईने काल सातही कापडांवरचा तो शेवटचा ठिपका उसवून काढला आणि गठ्ठा माझ्या हातात दिला. म्हणाली, "माझी चूक मी काढली. तुझी तू काढ." चौकशी केली तेव्हा कळलं, ते फेसवालं गिऱ्हाईक एक आठवडा सोडून शनिवारी दाढीला येतं, सकाळी दहाला. म्हणजे माफी येत्या शनिवारी.