मायची साखर माझ्याकडं

२ ऑगस्ट १९९२, रविवार
आणि वरून दादाच मला म्हणतो, तुला काय कळतंय! हे तर लयच झालं. मायला दर महिन्याला परभणीला न्यायचं, उपाशीपोटी. देवगाव फाट्यावर एसटीची वाट बघत बसवायचं, गाडीत ती ओकणार, आणि तिथं डॉक्टर चमचाभर रक्त काढून सांगणार की साखर वाढली. हे सांगायला परभणी कशाला पाहिजे? आज गावातल्या माणिकरावाच्या दुकानात फोन लावून दादाला स्पष्ट सांगितलं, मायला हलवू नको, मी घरच्या घरी तपासायची सोय करतो. तर म्हणे, "सातवी नापास माणसानं दवाखाना काढला का इचलकरंजीत?" स्वतः आठवी पास. एका वर्षाची एवढी घमेंड!

ठराव : आजपासून मायची साखर माझ्याकडं. दादाकडं फक्त शेत.

६ ऑगस्ट
काम झालं. खोलीतला दत्तराव औषधांच्या होलसेल दुकानात हमाली करतो. त्यांच्याकडं साखर तपासायच्या पट्ट्या येतात. पट्टीच्या टोकाला रक्ताचा थेंब लावायचा, मिनिटभरानं कापसानं पुसायचा, आणखी थांबायचं. पट्टी निळी होते. जेवढी गडद निळी तेवढी साखर जास्त. मशीन नाही, काही नाही. फक्त रंग ओळखायचा. आणि रंगात मला कोण शिकवणार? चार वर्षं डाइंगमध्ये कापड रंगवण्यात काढलीत.

दत्तरावानं ऐंशी पट्ट्या आणल्या. डेट गेलेल्या आहेत. शेठ रिकाम्या बाटल्या मोजून कंपनीला परत पाठवतो, आतल्या पट्ट्या कोण मोजतो? म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत सुट्ट्याच आणल्या. दत्तराव म्हणाला, "शेठ म्हणतो, डेट गेली म्हणजे मेला माल." मी म्हणालो, अरे येड्या, माय काय पट्टी खाणार आहे का? डेट ही कंपनीची चाल. लोकांनी पुन्हा विकत घ्यावं म्हणून छापतात.

९ ऑगस्ट
बाटलीवर रंगांचा तक्ता असतो. बाटली नाही म्हणून तक्ता मीच केला. दत्तरावानं दुकानातली एक बाटली तासभर दाखवायला आणली, तिच्यावर बघून पाच चिंध्या रंगवल्या. पांढरट, आभाळी, निळा, गडद निळा, नेव्ही. पोस्टकार्डावर ओळीनं चिकटवल्या. पहिल्या दोन चांगल्या, तिसरीला सावध, शेवटच्या दोन वाईट. मी स्वतःच बघत बसलो. डॉक्टरला जमणार नाही असं काम.

१३ ऑगस्ट
लिंबाजी ड्रायव्हर मानवतच्या कापसाच्या गाठी घेऊन इकडं सूतगिरणीवर येतो. त्याच्याबरोबर पट्ट्यांचं आणि तक्त्याचं पुडकं गावाला दिलं, थोड्या पट्ट्या माझ्याकडं ठेवल्या. पावसात भिजवू नको म्हणालो. गाडीत ठेवेपर्यंतच भिजवलं त्यानं, पण थोडंच.

२३ ऑगस्ट, रविवार
पहिला रिझल्ट! कस्तुरावयनीनं शिवायची सुई चुलीवर धरून मायच्या बोटाला टोचली. साठ मोजायचे होते. पस्तीसला शेजारीण मीठ मागायला आली, मग वयनीनं पुन्हा एकपासून सुरू केलं. तरी रिझल्ट काय? दुसरी चिंधी! आभाळी! गेल्या महिन्यात परभणीच्या डॉक्टरनं दोनशे ऐंशी सांगून दादाला घाबरवलं होतं. माझ्या हातात केस आली आणि तीन आठवड्यांत उतरली. दादा फोनवर म्हणाला, "बरं." त्याच्या तोंडून बरं!

३० ऑगस्ट
दादाला शंका येऊ नये म्हणून मी इथं पक्की खात्री केली. स्वतःला पट्टी लावली. आभाळी. दत्तरावाला लावली. आभाळी. दत्तरावाला पाव किलो जिलेबी चारून लावली. तरी आभाळी. म्हणजे आम्ही सगळे ठणठणीत आणि पट्टी एकदम भरवशाची.

१३ सप्टेंबर, रविवार
माय स्वतः फोनवर आली. माणिकरावाच्या दुकानात ओरडूनच बोलते, फोन नसला तरी इचलकरंजीला ऐकू यावं. "बन्सी, तुझ्या पट्टीनं लय बरं केलं रे. दवाखाना सुटला माझा." मग हळू म्हणाली, "तहान मातर लय लागायलीय. रातच्याला कळशी रिकामी व्हायलीय."

मी सांगितलं, पाणी पिणं चांगलंच. पाण्यानं साखर धुऊन जाते. (हे मला कोणी सांगितलं नाही, माझं मलाच सुचलं.)

ठराव : मायच्या गोळ्या अर्ध्या. साखर नाही तर गोळी कशावर काम करणार? पोट जाळणार.

२७ सप्टेंबर
गोळ्या बंद केल्या. दादा नको म्हणत होता. पट्टी काय म्हणते विचारलं तर, "पांढरट." मग वाद कशाचा?

वयनीचं एक खुसपट. म्हणाली, "भावजी, आत्याबाई परसाकडं जिथं बसतेत तिथं मुंग्यांची रांग लागायलीय. आमची आजी म्हणायची, हे वंगाळ असतंय." मी म्हणालो, वयनी, मुंग्या तुमच्या मोरीलाही लागत असतील. गमेक्सिन पावडर मारा. वयनी म्हणाली, "मारली. तरी येतेत." आता मुंग्यांचाही जिम्मा माझाच!

७ ऑक्टोबर
आज विनाकारण बोलणी खाल्ली. नेव्हीचा लॉट होता. मागच्या गोदामात दोन वर्षांपूर्वीचा रंगाचा डबा पडून होता, झाकण फुटलेलं. मी म्हणालो, माल कशाला वाया घालवायचा, आणि जिगरवर, कापड रंगवायच्या मशीनवर, तोच चढवला. चारशे मीटर कापड आभाळी निघालं. डाइंगचे मास्तर कोल्हापूरकडचे, त्यांचं तोंड म्हणजे खुला नळ. "हे नेव्ही हाय व्हय रं? डोळं हैत का बटणं? मेलेला रंग घातलास की कापडाला!" मी म्हणालो, मास्तर, डेट कागदावर असते. तर म्हणाले, "रंग मेला म्हंजे कापड फिकंच दिसणार. फिकं दिसलं म्हणून काय नीळ कमी घातली होतीस व्हय?"

काय बोलतात त्यांनाच ठाऊक. नुकसान माझ्या पगारातून कापणार.

रंगाची गोष्ट वेगळी. पट्टी औषधाच्या दुकानातली आहे.

११ ऑक्टोबर
मायच्या चोळ्या ढिल्या व्हायल्यात. वयनीनं दोन्ही बाजूंनी शिवून घेतल्या. दादा म्हणतो माय वाळायलीय. लोक वजन उतरवायला पैसे देतात, आमच्या घरी फुकट उतरायलंय तर ह्याला त्रास. बाकी माय दुपारी निजून राहते म्हणे. राहू दे की. आयुष्यभर राबली.

२५ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
सुट्टी मिळाली नाही. फोनवर माय म्हणाली, तुझ्यावाचून दिवाळी कसली. आजची पट्टी कोरी! चिंधीच्याही पलीकडं पांढरी. असा रिझल्ट परभणीत एकाही पेशंटचा नसंल. मी म्हणालो, माय, आज अनारसे खा. पोटभर खा. माझी परवानगी आहे. ती एवढी हसली! "डॉक्टरसायबाचा हुकूम हाय गं," म्हणून वयनीला सांगत होती. चार वर्षांत पहिल्यांदा तिनं अनारसा खाल्ला.

आजचा दिवस माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला.

८ नोव्हेंबर, रविवार
मायच्या पायात बाभळीचा काटा निघाला. वयनीनं पाय धुताना बघितला. किती दिवस आत होता कोणाला माहीत नाही. मायला पत्ताच नाही, म्हणे दुखतच न्हाई. मला तर हे चांगलंच लक्षण वाटलं. हळद-तेल लावायला सांगितलं.

दादा म्हणाला, अंगठा काळा पडलाय. मी म्हणालो, हळदीनं दिसत असंल. "हळद काळी असती का रे बन्सी?" म्हणाला आणि फोन आपटला. उद्धट आहे.

१५ नोव्हेंबर, रविवार
दादानं मला न विचारता मायला परभणीला नेलं. मशीनवर रक्त तपासलं. चारशे साठ. मी म्हणालो, मशीन बिघडलंय. डॉक्टर म्हणाला पाय घोट्याच्या वरून काढावा लागंल, आठ दिवसांत, नाहीतर विष वर चढंल. मी म्हणालो, हे लोक कापायलाच बसलेत.

पण खरं काम माझ्याच पट्टीनं केलं. मायनं ऑपरेशनच्या कागदावर अंगठा उठवायला साफ नकार दिला. डॉक्टरला म्हणाली, "माझी साखर उतरलीय. माझ्या लेकानं तपासलीय." सगळ्या वॉर्डासमोर. आणि दादाला गाडी करून तिला घरी आणावं लागलं.

हे ऐकून छाती फुगायला पाहिजे होती. जेवण गेलं नाही.

१७ नोव्हेंबर
दत्तरावाचा शेठ स्वतः साखरेचा पेशंट. दत्तरावानं त्याला काय सांगितलं माहीत नाही, पण शेठनं मला माझी पट्टी घेऊन दुकानात बोलावलं.  स्वतःचं बोट टोचलं, एक थेंब ताज्या बाटलीतल्या पट्टीवर, एक माझ्या पट्टीवर. आम्ही तिघं उभे राहिलो.

माझी पट्टी आभाळी झाली.

दुसरी नेव्ही. रंग मला ओळखता येतो.

१८ नोव्हेंबर
कामावर गेलो.

१९ नोव्हेंबर
एकाच शेठवरून काय सिद्ध होतं? त्याचं रक्त वेगळं असंल.

२० नोव्हेंबर
असं लिहिलं खरं.

२२ नोव्हेंबर, रविवार
दादानं मायला बैलगाडीत घालून माणिकरावाच्या दुकानापर्यंत आणलं. काळं घोट्यापर्यंत आलंय. दादा आज ओरडला नाही. मला भीती त्याचीच वाटली. म्हणाला, "ती माझं ऐकत न्हाई, डॉक्टरचं ऐकत न्हाई. तुझंच ऐकती. तूच सांग तिला." आणि फोन तिच्या हातात दिला.

मी म्हणालो, माय, दादा म्हणतो तसं कर, कागदावर अंगठा दे. ती म्हणाली, "अरे पण पट्टी तर पांढरी येती. परवाबी पांढरीच आली." आवाज पार खाली गेलाय. ओरडत नव्हती.

मी म्हणालो, माय, त्या पट्ट्या जुन्या होत्या. त्या काही दाखवत नाहीत.

 मागं बैलाच्या गळ्यातली घंटी तेवढी वाजत होती. 

मग म्हणाली, "तुला कुणी फसीवलं का रे, बाळा?"

मी हो म्हणालो.

"जाऊ दे," म्हणाली. "परक्या गावात असंच करतेत लोक. तू मनाला लावून घेऊ नको." मग दादाला म्हणाली, चल, देते अंगठा. उद्या नेणार आहेत.

२३ नोव्हेंबर
मास्तरांनी त्या नेव्हीच्या लॉटचे पैसे कापून पगार हातात ठेवला. गावाला जायचं तर सुट्टी नाही. खरं म्हणजे मागितली नाही. पोस्टात गेलो. मनिऑर्डरच्या फॉर्मवर खाली निरोपाला जागा असते. काय लिहावं सुचंना. मागचे लोक पुढं सरका म्हणायला लागले, मग तशीच कोरी दिली. दोनशे दहा रुपये.