टाचणीखालचं नाव

१४ सप्टेंबर
आलो बाबा एकदाचे नागपूरला! सातारा सुटला याचं वाईट वाटतंय, पण धरमपेठेतलं हे घर झकास आहे. दोन्हीकडून वारा, मागे कडुनिंब. मुग्धा खूश. आमची चिन्मयी, वय वर्षं सात, आल्या आल्या शेजारच्या सोनिकाकडे पळाली आणि संध्याकाळी ‘मले भूक लागून राहिली’ म्हणत परत आली. हसून हसून आमची पुरेवाट!

उद्यापासून हिंगण्याच्या रस्त्यावरच्या कॉलेजात रुजू होणार. मी किड्यांचा माणूस. तिथलं नमुन्यांचं कपाट आणि ते सांभाळणारे शिपाई रामाजी आता माझ्या ताब्यात. की मीच त्यांच्या, कोण जाणे!

२२ सप्टेंबर
नवी जात! कॉलेजमागच्या झुडपात कॅटिडिड सापडला, म्हणजे लांब मिशांचा, हुबेहूब पानासारखा नाकतोडा. माझ्यासोबत आलेल्या चिन्मयीनेच आधी पाहिला. मादी आहे. मारली, वाळवली आणि छातीच्या उजव्या बाजूने टाचणी टोचली. डावी बाजू अखंड राहावी म्हणून आमच्यात तशीच रीत आहे.

जातीला नाव चिन्मयीचंच देणार. पोरगी घरभर नाचली. रामाजींचं तोंड मात्र उतरलं. जित्या लेकराचं नाव मेलेल्या जिवाले काहून देता साहेब, म्हणाले. मी हसण्यावारी नेलं.

४ ऑक्टोबर
वर्णन लिहून झालं. पुढच्या पायांवर गुडघ्याखाली उभी चीर, तोच तिचा कान. डावी मिशी तुटलेली. अंगावर हिरवी झाक. उजवीकडे टाचणी. एकही खूण सोडली नाही, त्याबाबतीत मी फार खडूस आहे. लेख पाठवला आणि लगेच स्वीकारलाही गेला, १८ तारखेला छापून येईल.

११ ऑक्टोबर
चिन्मयी हाक मारली तरी बघत नाही. आधी वाटलं, नाटकं करतेय. पाठीमागे टाळ्या वाजवल्या, ढिम्म. मुग्धाने तिच्या बाह्या वर सारल्या, मी मागून पुन्हा टाळी वाजवली, तशी ती झटकन वळली. दोन्ही हातांवर कोपराखाली उभी बारीक चीर आहे. डॉक्टर म्हणाले, ओरखडा असेल. ओरखडा असा दोन्ही हातांना सारखा येतो होय?

१३ ऑक्टोबर
सकाळी मुग्धा किंचाळली. चिन्मयीची डावी वेणी मुळापासून तुटून तिच्या हातात आली होती. रक्ताचा थेंब नाही. उजवी तशीच, घट्ट.

१४ ऑक्टोबर
चिन्मयीच्या गळ्यावर हिरवट झाक. मी माझाच लेख काढून बसलो. चीर. मिशी. रंग. एकेक ओळ तिच्या अंगावर उतरतेय. आता टाचणीची ओळ तेवढी राहिली. देवा, हे मी माझ्या हाताने लिहिलं!

१५ ऑक्टोबर
उपाय सापडला. छापायच्या आत नाव बदलायचं. संपादक चारुशीलाबाईंना कळवलं, जातीला माझं नाव द्या, अपूर्व. आमच्या धंद्यात किड्याला स्वतःचंच नाव देणं म्हणजे लाज सोडणं. हसू देत लोक. टाचणी मला टोचू दे.

१६ ऑक्टोबर
हाक मारली. वळली! चिरा बुजल्या. दोन वाट्या पोहे खाल्ले तिने. मी न्हाणीघरात जाऊन ढसाढसा रडलो. माझ्या कोपराखाली खाज सुटलीय. सुटू दे.

१८ ऑक्टोबर, सकाळी ११, कॉलेज
चारुशीलाबाईंचा ई-मेल. म्हणतात, स्वतःचं नाव चुकून पडलेलं दिसतंय, लोकांनी तुमची टर उडवली असती, म्हणून लेकीचं गोड नावच परत घातलं. सकाळीच छापून आलं. अभिनंदन म्हणे!

फोन केला. हातापाया पडलो. बिचाऱ्या घाबरल्या. पण छापलेलं नाव पुसता येत नाही. कुणालाच. आमच्या शास्त्राचा नियमच आहे —

११.२०
मुग्धाचा फोन. चिन्मयी छातीवर उजवीकडे हात दाबून ओरडतेय, आई, इथं टोचून राहिलं. रामाजींनी कपाटातून त्या नमुन्याची पेटी काढून दिली.

टाचणी केसभर वर ओढली. ओरडणं थांबलं. मग मुग्धा — रक्त, रक्त थांबत नाहीये म्हणते — परत खाली दाबली. रक्त थांबलं. ओरडणं सुरू —

११.३०
काढू तर — ठेवू तर —
फोन चालूच. रामाजी हात जोडून उभे. म्हणतात, लिहून केलं ना साहेब, मंग लिहूनच सोडवा.
लिहितो.

चिन्मयी. वय सात. वेण्या दोन. कान दोन, डोक्याला, हाताला नाहीत. रंग गव्हाळ. छाती अखंड. टाचणी नाही. कुठेच नाही. नमुना नव्हे. मेलेली नव्हे. श्वास चालू. श्वास चालू. मुग्धा बोलत नाहीये. श्वास —