निपाणीत दशांश वर्गीकरण

३ जून १९४६
निपाणीच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून रुजू. बी. ए., शिवाय ग्रंथपालनाचा डिप्लोमा. फर्स्ट क्लास सहा मार्कांनी हुकला, परीक्षकाचा द्वेष. आपण मिळालो म्हणजे काय मिळाले, हे या तंबाखूच्या गावाला अजून कळलेले नाही. आजवर कारभार भरमा शिपायाकडे. शिक्षण मराठी चौथी. कॅटलॉग कुठे विचारले. म्हणाला, डोस्क्यात हाय की सायब. हसलो.

५ जून
दशांश वर्गीकरण सुरू, म्हणजे प्रत्येक पुस्तकाला विषयाप्रमाणे नंबर. अठराशे पुस्तके महिन्यात संपवणार. भरमा म्हणतो, लोक नंबरानं मागत न्हाईत, लाल पुठ्ठ्याचं, रडवणारं द्या म्हणत्यात. अशास्त्रीय.

११ जून
‘सायलेन्स’ असा इंग्रजी बोर्ड लावला. मष्णू पैलवानाने काय लिवलंय म्हणून खड्या आवाजात विचारले. त्यावर अर्धा तास जाहीर चर्चा झाली.

१४ जून
जुन्या वर्तमानपत्रांची रद्दी माजली होती. सगळी कापून विषयवार फायली केल्या. मुंबईतसुद्धा कुणी केले नसेल. वर्गीकरण: एकोणऐंशी पुस्तके.

१७ जून
मालुबाई नावाची बाई आली. वखारीत तंबाखू निवडते. मुलगा तम्मण्णा लढाईवर गेलेला, दीड वर्ष पत्र नाही. आता कुणीतरी सांगितले, गेल्या महिन्याच्या पेपरात त्याचा फोटो होता. मी नियमाप्रमाणे लेखी मागणी आण म्हटले: लेखक, शीर्षक, तारीख. म्हणाली, मला लिवाय येत न्हाय बाबा, माझं पोरगं जित्तं हाय का तेवडं बघा. प्रश्न नीट मांडता येत नाही, तिथे ग्रंथपाल काय करणार? भरमा तिला बाहेर घेऊन गेला.

१८ जून
भरमा सकाळपासून माझ्या फायली उपसतोय. दुपारी फोटो सापडला. ‘भातावरील कीड’ या कात्रणाच्या पाठीमागे. मालुबाईने कानावरून पोराला ओळखले. फोटोखालचा मजकूर मात्र कात्रीत गेलेला. कोर्समध्ये कात्रणाला पाठ असते हे शिकवले नव्हते.

१९ जून
भरमाला तोच अंक न्हाव्याच्या दुकानात अखंड मिळाला. मजकूर: जहाजातून उतरलेले जखमी जवान, पुण्याच्या लष्करी इस्पितळात. भरमा मालुबाईला घेऊन पुण्याला गेला. रजेचा अर्ज नाही. न्हाव्याकडे जुने अंक नीट, आणि माझ्याकडे नाहीत, असे वाचनालयाचे चिटणीस मारुतीराव लोकांसमोर म्हणाले. त्यांना पद्धत समजत नाही. शोध माझ्या फायलीतच लागला, हे वार्षिक अहवालात घालणार.

२० जून
वाचनालयात एकटा. अकरा जण आले. भरमाअण्णा कुठं गेलं विचारून अकरा जण परत गेले. शेवटच्याला मी स्वतः पुस्तक शोधून देतो म्हटले. नंबर बरोबर काढला. पुस्तक त्या जागी नव्हते.

२४ जून
मालुबाई आली. तम्मण्णाचा पाय गेलाय, पण पोरगं बोलतंय, जेवतंय, हे सांगताना रडली. भरमासाठी शेंगदाण्याचे लाडू आणले होते. तो बाहेर गेला होता. मी डबा घेतला. तिने माझ्याकडे नीट पाहिले. नवीन हाईस न्हवं, म्हणाली. भिऊ नगंस, भरमाअण्णा चांगलं शिकवत्यात. त्यांच्याच हाताखाली हाईस न्हवं?

मी व्हय म्हणालो.