नजर थोडी बाजूला

४ मार्च

ती. सौ. ताईंना धाकटीचा सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. ठीक काही नाही. तुमचे बंधुराज लढाईवरून धडधाकट परत आले, आता पुन्हा बॅट घेऊन संघात जाणार, म्हणून गल्लीभर कौतुक चाललंय. घरात मात्र हा माणूस माझ्याकडे बघत नाही. मी समोर उभी राहिले की यांची नजर माझ्या कानाशेजारी, मागच्या भिंतीवर. त्या भिंतीवर साधं कॅलेंडरसुद्धा नाही.

पेपर मी वाचून दाखवायचा, पत्रं मी लिहायची, ही नवी साहेबी. दुपारी बाहेर पडतात, सरावाला म्हणे. संघाचा सराव सकाळी असतो हे मला ठाऊक नाही का? परत येतात तेव्हा अंगावर काळेनिळे डाग. विचारलं तर दारावर आपटलो म्हणाले. आमच्या दाराला एवढी हौस कधीपासून आली? लढाईत जखमी झाले तेव्हा एका नर्सने फार केलं, असं एकदा बोलून गेले आणि लगेच विषय बदलला.

ताई, माझा संसार हातातून निसटतोय असं वाटतं. पुढच्या आठवड्यात ते तुमच्याकडे येताहेत. खरं काय ते तुम्हीच काढून घ्या. माझ्यावरची माया तेवढी कमी करू नका.

तुमची,
धाकटी

१३ मार्च

चि. सौ. धाकटीस ताईचे अ. आ.

बाळ येऊन गेला. अगं, ते संशयाचं भूत आधी मानगुटीवरून उतरव. दोन दिवस माझ्या डोळ्यांत डोळे घालून बोलत होता. लहानपणी शेजारच्यांची काच फोडली की याची मान आपोआप खाली जायची, म्हणजे चोरी असती तर मला कळली नसती का? नर्सचं विचारलं तेव्हाही पापणी लवली नाही. ती आपल्या आईच्या वयाची होती, म्हणाला.

आणि मन किती राखतो! तुम्हाला काळजी नको म्हणून कळवलं नव्हतं, पण मध्यंतरी स्टोव्हचा भडका उडून माझा गाल भाजला. डाग नाकापर्यंत आलाय. शेजारणी बोलताना मुद्दाम दुसरीकडे बघतात. बाळ सरळ तोंडाकडे बघत राहिला आणि म्हणाला की ताई, तू होतीस तशीच आहेस. मी आत जाऊन रडून घेतलं. असा माणूस बायकोला फसवेल का? तूच सांग.

भांडण करू नकोस, आणि केलंस तर मला कळव. आशीर्वाद आहेतच.

तुझी,
ताई

२० मार्च

ती. सौ. ताईंना सा. न.

तुमच्या पत्राने जीव भांड्यात पडायचा तर उलटंच झालं. बहिणीच्या डोळ्यांत बघता येतं, मग बायकोनेच काय घोडं मारलंय? म्हणून काल दुपारी छत्री तोंडापुढे धरून यांच्या मागोमाग गेले.

मैदान रिकामं होतं. संघातला विकेटकीपर मित्र चेंडू टाकत होता आणि हे मान वाकडी करून बॅट घेऊन उभे. एक चेंडू छातीवर बसला, पुढचा दंडावर. मित्र हात जोडून पुरे म्हणत होता आणि हे आणखी एक टाक म्हणून हट्ट धरून बसले होते. मी छत्री तिथेच टाकून धावत सुटले.

मग यांनी गवतावर बसून सगळं सांगितलं. विमानाच्या शेपटीत मशीनगनवर बसलेले असताना स्फोट अगदी डोळ्यांसमोर झाला. तेव्हापासून जिथे थेट बघावं तिथेच काळा डाग दिसतो, कडेचं तेवढं दिसतं. लढाई संपायच्या आधीच यांना फौजेतून सोडून दिलं ते त्यामुळे. रविवारी निवडीचा सामना आहे, तेवढा निभावला की डोळेही सुधारतील, ही वेडी आशा. मी म्हटलं की चेंडू कपाळावर बसला तर मी काय करू? मग बॅट मित्राला देऊन टाकली आणि घरी येईपर्यंत माझा हात सोडला नाही.

ताई, मला बघायचं असेल तर यांना माझ्या कानाशेजारीच बघावं लागतं. आणि मी त्या भिंतीवर जळत होते! आता नजर तिकडे वळली की मलाच लाजायला होतं. तुमच्यासमोर मात्र सरळ बघायचं नाटक केलं, तुम्हाला शंका येऊ नये म्हणून. त्याची माफी मागितली आहे. राग धरू नका, आम्हा दोघांवर लोभ राहू द्या.

तुमची,
धाकटी

२७ मार्च

चि. सौ. धाकटीस अ. आ.

पत्र वाचून उठले ती आरशासमोर जाऊन उभी राहिले. म्हणजे माझं मन त्याने राखलं नव्हतं. माझा गाल त्याला दिसलाच नव्हता. दोन दिवस माझा भाऊ माझ्यासमोर बसून होता आणि त्याने मला पाहिलं नाही.

रागावले नाही. सामना सोडला, ते बरं केलं. माझ्या गालाचं त्याला अजून सांगू नकोस. तुम्ही दोघं इकडे या. त्याला म्हणावं, या वेळी ताईच्या कानाकडे बघ, चांगलं निरखून बघ. आणि मग मी होते तशीच आहे असं म्हणायचं असेल, तर खुशाल म्हण.

वाट बघतेय,
ताई