सलाईन बंद, पाय चालू

३ मार्च, सोमवार
आणि वर ती नर्स मलाच विचारते, घाबरलात का मॅडम? मी कशाला घाबरू! दर महिन्याला अर्धा दिवस खुर्चीत बसवायचं, हातात सुई, थेंब थेंब औषध. एमएस म्हणे. नसांचा आजार, अधूनमधून उलटतो म्हणे. दोन वर्षांत उलटला का? नाही! पाय चालतो, डोळ्यांना दिसतं. मग औषध कसलं? आजची सलाईन रद्द. आमचे हे जहाजावर. फोनवर सांगून टाकलं, झाली, मस्त झाली.

१४ एप्रिल
नर्सचा पुन्हा फोन. कट केला. सलाईनच्या वेळेला पाया लेबार स्टेशनजवळच्या मॉलमध्ये फिरले. दोन मजले, जिन्याने! तिथे शेजारची अरुणा भेटली. म्हणाली, तिळाचं तेल चोळ आणि वरून कडकडीत पाणी. ह्याला म्हणतात अक्कल. ती डॉक्टरीण एवढी शिकली, पण तेलाचं नाव नाही.

९ जून, दुपार
तेल लावून अंघोळ केली. उजवा पाय कापसाचा झाला, डोळ्यांपुढे धुकं. भिंत धरून बाहेर आले. इरा ओरडली, मा, डॉक्टरने हॉट शॉवर नको सांगितलंय, डोन्ट प्ले प्ले लाह, हा खेळ नाही! सतरा वर्षांची पोर, मला शिकवते. म्हटलं, पाय माझा, पाणी माझं. एसीसमोर बसले. तासाभरात पाय जागेवर. म्हणजे काय? पाय आपला आपण बरा होतो. सलाईनचा काही संबंध नाही.
ह्यांना सांगितलं, ह्या महिन्याचीही झाली.

१७ जुलै
आज तेल नाही, गरम पाणी नाही. तरी पाय उचलेना.
एसी लावून बसले.
दुपारी जेवणही तिथेच.
संध्याकाळी इराने खुर्चीतून उठवलं. पलंगापर्यंत धरून नेलं.

२१ जुलै, हॉस्पिटल
आता वेगळी सलाईन, रोज. नसांची सूज उतरवायची म्हणे. इराने बापाला सगळं सांगितलं. ते फोनवर गप्प. मीच ओरडले, शिव्या द्या, पण बोला. म्हणाले, रेंज नाही.
डॉक्टरीण म्हणते, थोडी ताकद येईल, कदाचित. पूर्वीसारखी येईल का, आज सांगता येणार नाही.
इराला म्हटलं, लिही तिला. पाय परत येणार का, हो की नाही. इरा म्हणाली, तिलाच माहीत नाही, मा.
मग ज्याला माहीत असेल त्याला लिही. शुक्रवारपर्यंत उत्तर पाहिजे.