मशीन थांबलं की

सिल्वासा, १२ जानेवारी १९६६

चि. सौ. प्रमिला हिला सासूचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या शिलाई मशीनला मी कुलूप घातलं, म्हणून तू रुसून पेणला माहेरी गेलीस. ‘आईंना माझं शिवणं खुपतं,’ म्हणालीस. नाही गं. मशीन चालतं तेव्हा घर भरल्यासारखं वाटतं. ते एकदम थांबलं की माझ्या छातीत धडधडतं, हातपाय गार पडतात, आता मरते असं वाटतं. वैद्य म्हणाले वायू आहे. ओवा चावून दात झिजले माझे!

तुझे सासरे शिवता शिवताच गेले. मशीन थांबलं तेव्हा मी स्वयंपाकघरातून म्हटलं, ‘बरं केलंत, जरा पडा.’ आणि तांदूळ निवडत बसले. चहा घेऊन गेले तोवर सगळं आटोपलं होतं.

माझ्या जयवंतलाही हे ठाऊक नाही. तो पडला मास्तर, माझं प्रत्येक पत्र तपासूनच टपालात टाकतो. म्हणून हे पत्र माझ्यापाशीच राहील.

कुलूप काढलंय. उद्या त्याला तुला आणायला धाडते. आलीस की तोंडाने एवढंच मागेन: हवं तेवढं शीव पोरी, फक्त थांबलीस की हाक मारत जा, ‘आई, दोरा संपला.’

वाट पाहणारी,
तुझी सासू द्वारका